आशियाई लिलीची लागवड : बागेंत व कुंडींत

गेल्या हिंवाळ्यांत कोडोली येथील आमच्या अंगणांत आशियाई लिलीच्या कुंड्या फुलल्या, तेव्हां येणाराजाणारा प्रत्येक मनुष्य क्षणभर थबकून त्यांकडे पाही. नारिंगी व पिवळ्या रंगाचीं तीं फुलें पाहून कित्येकांनीं आमच्याकडे कांद्यांची मागणी केली, व एका शेजाऱ्यांनीं तर दहा गुंठ्यांवर हीच लागवड करण्याचा मनोदय बोलून दाखविला. त्यांना आम्हीं जें उत्तर दिलें तें वाचकांसही उपयोगी पडेल, म्हणून हा लेख लिहीत आहों.

प्रथम नांवाचा घोटाळा दूर केला पाहिजे. आपल्याकडे लिली हें नांव अनेक झाडांना सरसकट लावतात. फुलबाजारांत लिली म्हणून ज्या पांढऱ्या लांबट कळ्यांच्या जुड्या मिळतात, त्या निराळ्या झाडाच्या. पहिल्या पावसाबरोबर बांधावर उगवणारी गुलाबी किंवा पांढरी पावसाळी लिली हीही निराळी; आणि उन्हाळ्यांत पानांआधीं लाल कर्ण्यासारखें फूल काढणारा मोठा कांदा, तोही निराळा. हीं सर्व झाडें आपल्या हवेंत सुखानें वाढतात. ज्यांना शास्त्रज्ञ 'लिलियम' म्हणतात त्या खऱ्या लिल्या मात्र थंड प्रदेशाच्या. आपल्या देशांत त्या हिमालयांत आढळतात, व दक्षिणेंत निलगिरीच्या डोंगरांत एक पांढरी जात रानांत उगवते. चर्चमध्यें ईस्टरच्या सणाला जी पांढरी लिली ठेवतात, ती खऱ्या लिल्यांपैकींच, पण आशियाई वर्गांतली नव्हे. कोडोली हें अमेरिकन मिशनचें जुनें ठाणें असल्यामुळें हा प्रश्न येथें हटकून विचारला जातो.

आशियाई लिली म्हणजे चीन, जपान, कोरिया व सैबेरिया या भागांतील रानटी जातींच्या संकरांतून निघालेलीं झाडें. त्या मूळ जातींपैकीं ठिपकेदार वाघ्या लिलीचे कांदे चीन व जपानांत भाजीसारखे खातात, असें सांगितलें तर आमच्या घरच्या मंडळींस खरें वाटत नाहीं. १९४० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील ओरेगॉन प्रांतीं यान द ग्राफ यांनीं काढलेली 'एन्चांटमेंट' ही नारिंगी जात फार गाजली. आज जगाच्या बाजारांत येणारे बहुतेक कांदे हॉलंडमध्यें तयार होतात. या वर्गाचीं फुलें आकाशाकडे तोंड करून उमलतात, रंगानें भडक असतात, परंतु त्यांना वास जवळजवळ नसतो. सुवासासाठीं जो लिली लावील त्याची निराशा होईल. त्यानें आपला निशिगंध लावावा हें बरें.

आतां आमच्या चुकीविषयीं. पहिल्या वर्षीं आम्हीं एका विक्रेत्याकडून कांदे घेतले, व 'एकदां लावा, दरवर्षीं फुलें घ्या' या त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून ते जून महिन्यांत वारणेकांठच्या काळ्या जमिनींत लावले. इतर कांदे पावसाच्या तोंडावर लावतात तर हेही लावावे, असा आमचा हिशेब. श्रावण संपण्यापूर्वींच एकूणएक कांदे कुजून गेले. उकरून पाहिलें तों हाताला निवळ चिकट लगदा लागला. याचें कारण कांद्याच्या रचनेंतच आहे. आपल्या खाण्याच्या कांद्यावर कोरडें सालपट असतें. लिलीच्या कांद्यावर तें नसतें. लसणाच्या पाकळ्यांसारखे मांसल खवले नुसते एकमेकांवर रचलेले असतात. त्यामुळें तो कांदा वाळतोही लवकर आणि कुजतोही लवकर. काळी जमीन पाणी धरून ठेवते व बहुधा चुनखडीचीही असते. लिलीस किंचित् आंबट, पाणी झटकन् सोडणारी माती लागते.

दुसऱ्या वर्षीं आम्हीं कुंड्या घेतल्या, आणि ज्याला प्रथमच अनुभव घ्यावयाचा आहे त्यानें कुंडीपासूनच आरंभ करावा असें आमचें मत आहे. आठ इंची कुंडींत तीन कांदे बसतात. कुंडी उथळ नसावी, कारण लिलीला मुळें दोन ठिकाणीं फुटतात: कांद्याच्या बुडाशीं, व कांद्याच्या वर जमिनींत दडलेल्या दांड्याला. फूल पोसण्याचें पुष्कळसें काम हीं वरचीं मुळें करतात. म्हणून कांद्यावर निदान चार इंच माती असलीच पाहिजे. वरवर लावलेला कांदा उगवतो खरा, पण दांडा लवंडतो व कळ्या खुरटतात. मातीसाठीं पन्हाळा-जोतिबाच्या बाजूची तांबडी माती, चांगलें कुजलेलें पालापाचोळ्याचें खत व काथ्याचा धुतलेला भुसा हीं समभाग घेऊन त्यांत थोडी जाड वाळू मिसळली. कारखान्याची मळी आपल्याकडे मुबलक, म्हणून ती घालण्याचा मोह होतो, तो आवरावा. ताजें शेणखतही कांद्याला लागूं देऊं नये. लावण्यापूर्वीं कांदे बुरशीनाशकाच्या पाण्यांत बुडवून सावलींत निथळूं द्यावे.

लावणीची वेळ हाच या पिकाचा प्राण होय. या झाडाला दिवसा वीस अंशांच्या आसपास व रात्रीं त्याहून कमी उष्णता मानवते. आपल्याकडे दिवसाचें ऊन हिंवाळ्यांतही याहून बरेंच चढतें, परंतु रात्री गार असतात, व तेवढ्यावर काम भागतें. ऑक्टोबरची उष्णता ओसरतांच, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यांत कांदे लावावे. मुळें धरेपर्यंत कुंड्या आंब्याच्या गार सावलींत ठेवाव्या. कोंब चार बोटें वर आल्यावर सकाळचें ऊन द्यावें व दुपारचें टाळावें. माती ओलसर राहावी, चिखल नसावा. साधारणतः दोन ते अडीच महिन्यांत, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास, फूल येतें. डिसेंबरांत लावलेल्या कुंड्यांचे दांडे आंखूड राहिले व कांहीं कळ्या न उमलतांच पिवळ्या पडून गळाल्या. कोंवळ्या शेंड्यावर मावा बसतो, त्यावर मात्र रोज नजर ठेवावी.

बागेंत लावावयाचें असल्यास जमिनीपासून वीतभर उंच वाफा करून त्यांत हीच माती भरावी. दोन कांद्यांत वीतभर अंतर पुरे. माथ्यावर शेडनेटची सावली, व बुडाशीं उंसाच्या पाचटाचें आच्छादन असावें, म्हणजे मुळें गार राहतात. एरवीं कृति तीच.

आतां खरा प्रश्न. फूल गेल्यावर कांद्याचें काय? थंड देशांत पानें पुढें दोन-तीन महिने हिरवीं राहून कांद्याला पोसतात, मग हिंवाळ्याची कडक थंडी मिळून तो कांदा पुन्हां जागा होतो. ही थंडी सहा ते आठ आठवडे, दोन ते पांच अंशांपर्यंत, मिळाल्याखेरीज पुढचें फूल नीट येत नाहीं. कोडोलीस अशी थंडी कधींच पडत नाहीं. शिवाय आपल्याकडे मार्चच्या उन्हानें पानें लवकर करपतात, त्यामुळें कांदा पोसला न जातां लहान होतो. आम्हीं पानें पिवळीं पडल्यावर कांदे काढले, ओलसर काथ्याच्या भुशांत घालून भोंकें पाडलेल्या पिशवींत घरच्या फ्रिजमध्यें ठेवले. पिकलेलीं फळें त्याच फ्रिजमध्यें ठेवूं नयेत. त्यांतून निघणाऱ्या वायूनें कळीचा नाश होतो. हें ठाऊक नसल्यामुळें आमच्या घरांत सफरचंदांवरून थोडा कलहही झाला. एवढें करून निम्म्याहून कमी कांद्यांना फूल आलें, आणि जेथें पूर्वीं पांच-सहा कळ्या होत्या तेथें एक किंवा दोन. हौशी माणसाला तेवढेंही गोड वाटेल. धंदा करणाऱ्याला तें परवडणार नाहीं.

शेजाऱ्यांस आम्हीं त्यांच्याच भाषेंत सांगितलें कीं, या पिकाला खोडवा नाहीं. उंसाचें बेणें एकदां घातलें कीं दुसरें पीक बेण्यावांचून घेतां येतें. येथें एक कांदा, एक दांडा, आणि पुढल्या खेपेला पुन्हां नवा कांदा. एका गुंठ्यांत वाटा सोडून साठ चौरस मीटर वाफा धरला व दर चौरस मीटरला तीस कांदे लावले, तर गुंठ्याला अठराशें, दहा गुंठ्यांना अठरा हजार कांदे होतात. हे सगळे समुद्रापलीकडून शीतगृहांतून यावयाचे, दर खेपेस रोख पैसे मोजून. त्यावर पॉलिहाऊसचें कर्ज निराळें. हिमाचलांत लाहौलच्या थंड खोऱ्यांत हीं फुलें भर उन्हाळ्यांत उघड्यावर निघतात. आपल्याला तीच गारवा विकत घेऊन काढावीं लागतात. त्या मानानें निशिगंधाचा कांदा घरचाच वाढतो, पिल्लें देतो, व एकदां लावला कीं दोन-तीन वर्षें जमिनींत राहतो.

शेजारी कांहीं काळ गप्प बसले. त्यांच्या चेहऱ्यावरून आमचें बोलणें त्यांस रुचलें नसावें असें वाटलें. परंतु आठवड्यानें ते परत आले, व दहा कुंड्यांपुरते तीस कांदे कोठें मिळतील तें विचारून गेले. त्यांस सांगितलेल्या दोन गोष्टी येथेंही नमूद करतों. कांदा घट्ट, वजनदार, व घेरानें बारा सेंटिमीटरहून मोठा पाहून घ्यावा. सुकून सुरकुतलेला किंवा बुडाशीं तपकिरी डाग असलेला परत करावा. दुसरी गोष्ट धान्याच्या कोठारावर मांजर पाळणाऱ्यांसाठीं. खऱ्या लिलीचें पान, फूल, किंबहुना परागही पोटांत गेल्यास मांजराचीं मूत्रपिंडें निकामी होऊन तें दगावतें. म्हणून कुंड्या मांजराच्या वाटेवर ठेवूं नयेत, व खोलींत फुलें ठेवावयाचींच असल्यास उमलतांच परागकोश चिमटीनें काढून टाकावे. तेणेंकरून कपड्यांवर न निघणारे तपकिरी डागही पडत नाहींत. मात्र जेथें मांजर वावरतें त्या खोलींत तीं मुळींच ठेवूं नयेत. शेजाऱ्यांच्या घरीं दोन मांजरें आहेत, तेव्हां त्यांच्या कुंड्या यंदा गच्चीवर जाणार.