सात खड्यांच्या घड्याळाची झीज

जुनं खिशातलं घड्याळ विकत घेताना बहुतेकांची नजर आधी यंत्रावर कोरलेल्या खड्यांच्या, म्हणजे घर्षण कमी करायला बसवलेल्या माणकांच्या, आकड्याकडे जाते. सतरा असतील तर उत्तम, सातच असतील तर आतून झिजलेलं, असा हिशेब ठरलेला असतो. हा हिशेब चुकीचा आहे. झीज ठरते ती भार, धूळ आणि तेल यांवर; खड्यांची संख्या फार तर ती कुठे शोधायची एवढंच सांगते.

वॉल्थम आणि एल्जिन या अमेरिकी कारखान्यांच्या सात खड्यांच्या घड्याळांत खडे कुठे बसवले आहेत ते पाहिलं की त्यामागचा विचार उलगडतो. चार खडे बॅलन्स व्हीलच्या आसाला, दोन पॅलेटवर आणि एक रोलरवर. बॅलन्स सेकंदाला पाच, म्हणजे दिवसाला ४,३२,००० झोके घेतं. तिथलं घर्षण जरा वाढलं तरी वेळ चुकते. म्हणून मोजके खडे तिथेच खर्ची घातले. बाकीची चक्रं प्लेटच्या धातूतल्या भोकांतच फिरतात. त्यांतलं मधलं चक्र दिवसाला अवघे २४ फेरे घेतं, तर एस्केप व्हील १४,४००. तरीही मोठी झीज बहुधा मधल्या चक्राच्या भोकात सापडते, कारण मेनस्प्रिंगचा जोर तिच्या डबीतून, म्हणजे बॅरलमधून, आधी त्याच्यावर येतो आणि पुढच्या प्रत्येक चक्रागणिक कमी होत जातो. बॅरल ज्या दिशेला ढकलतं त्या बाजूने भोक लांबट होतं, चक्र कलतं, दात एकमेकांत नीट बसत नाहीत आणि बॅलन्सपर्यंत पोचणारी ताकद घटते.

भोकाचं पितळ मऊ आणि आसाचं पोलाद कठीण, तेव्हा झिजणार एकटं पितळच, असं वाटणं स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात धुळीचे कण मऊ पितळात रुततात आणि तिथूनच पोलादी आसाचं टोक कानशीसारखं घासत राहतात. तेल सुकून काळं पडलेल्या भोकातून आस काढून भिंगाखाली धरला, की टोकावर बारीक चऱ्या दिसतात. अशा वेळी भोकात नुसता नवा बुश, म्हणजे धातूची नवी कडी, बसवून भागत नाही. टोक घासून-पॉलिश करून गुळगुळीत केलं नाही तर तेच नव्या बुशलाही खातं. भोकाभोवती ठोकून ते आवळण्याची जुनी युक्ती तर आणखी वाईट. प्लेटवर कायमचे व्रण राहतात आणि चक्राचं केंद्र सरकतं ते वेगळंच.

मग अमेरिकेतल्या १८९१च्या किप्टन रेल्वे अपघातानंतर घड्याळजी वेब बॉल यांनी रेल्वेच्या घड्याळांसाठी घालून दिलेल्या नियमांत किमान सतरा खड्यांचा आग्रह का होता? कारण रेल्वेला आठवड्याला तीस सेकंदांच्या आतली अचूकता हवी होती. खड्यांनी घर्षण कमी आणि एकसारखं राहतं, हे त्यांचं खरं मोल आहे आणि ते नाकारता येत नाही. पण माणकाच्या भोकातही तेल सुकलं की पोलादी टोक झिजतंच, आणि धक्क्याने तडकलेला खडा तर ते कुरतडून काढतो. म्हणजे देखभालीची गरज सतरा खड्यांनीही टळत नाही.

म्हणून घेणाऱ्याने आकडा विचारण्याआधी घड्याळजीकडून यंत्र उघडून घ्यावं आणि मधलं चक्र चिमट्याने हलकेच हलवून ते किती डुलतं ते पाहावं. भोक गोल असेल आणि वेळच्या वेळी सफाई नि तेल होत असेल, तर सात खड्यांचं घड्याळ अजून कित्येक वर्षं इमाने चालेल. त्याला कमी लेखून भंगारात काढणं हे चांगल्या कारागिरीचं नुकसान आहे.