आरंभीच्या गर्भावस्थेचे चित्रण आणि प्रतीक्षेचे शास्त्र

घाटकोपरचे राजावाडी किंवा विलेपार्ल्याचे कूपर यांसारख्या महानगरपालिकेच्या रुग्णालयांत, तसेच अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत व तिकडे मुलुंडपर्यंत पसरलेल्या खासगी केंद्रांत, गर्भावस्थेच्या सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी करून घेणे ही आता नित्याची बाब झाली आहे. या तपासणीने तीन प्रश्नांची उत्तरे मिळवावयाची असतात. गर्भ गर्भाशयातच रुजला आहे काय? तो किती दिवसांचा आहे? आणि तो जिवंत आहे काय? यांपैकी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना घाई झाली तर काय अनर्थ ओढवू शकतो व तो टाळण्यासाठी संशोधनाने कोणते नियम घालून दिले, याचा येथे विचार करावयाचा आहे.

मानवी कानाला सेकंदास सुमारे २०,००० पेक्षा अधिक कंपनांचा ध्वनी ऐकू येत नाही. सोनोग्राफीत याहून कितीतरी अधिक, म्हणजे काही दशलक्ष कंपनांचे श्राव्यातीत तरंग शरीरात सोडले जातात व निरनिराळ्या ऊतींवरून परतणाऱ्या प्रतिध्वनींवरून चित्र तयार होते. धातूतील छुपे तडे शोधण्यासाठी वापरले जाणारे हे तत्त्व ग्लासगो येथील प्राध्यापक इयान डोनाल्ड व त्यांचे सहकारी यांनी वैद्यकात आणले. त्यांचा निबंध १९५८ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे १९७३ मध्ये ग्लासगोतीलच ह्यू रॉबिन्सन यांनी भ्रूणाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून गर्भाचे वय ठरविण्याची पद्धत मांडली. हीच पद्धत आजही प्रमाण मानली जाते.

योनिमार्गे केलेल्या तपासणीत शेवटच्या ऋतुस्रावापासून सुमारे पाचव्या आठवड्यात द्रवाने भरलेला भ्रूणकोश दिसतो. त्यानंतर काही दिवसांनी त्यात पीतक कोशाचे लहान वलय दिसते आणि सहाव्या आठवड्याच्या सुमारास भ्रूण व त्याच्या हृदयाचे स्पंदन दृग्गोचर होते. हा क्रम ठरलेला असला तरी ऋतुस्रावाची तारीख नेहमीच विश्वसनीय नसते. अंडमोचन उशिरा झाले असेल, तर सात आठवड्यांचा समजला गेलेला गर्भ प्रत्यक्षात साडेपाच आठवड्यांचाच असू शकतो. अशा वेळी कोश रिकामा दिसला, तर तो मृत गर्भ समजावा की केवळ लहान गर्भ?

पूर्वी या प्रश्नाचा निर्णय ठराविक मापांवरून केला जात असे. कोशाचा सरासरी व्यास १६ मि.मी. (अन्य काही ठिकाणी २० मि.मी.) असूनही त्यात भ्रूण नसेल, किंवा भ्रूण ५ मि.मी. लांब असूनही स्पंदन नसेल, तर गर्भ जगणार नाही असे मानले जाई. परंतु ही मापे अल्पसंख्य रुग्णांच्या निरीक्षणावर आधारलेली होती. लंडनमधील संशोधकांनी १,०६० स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा १६ मि.मी. ही मर्यादा धरल्यास चुकीच्या निदानाचे प्रमाण शेकडा ४.४ व २० मि.मी. धरल्यास शेकडा ०.५ येते, असे दिसून आले. शिवाय एकाच कोशाचे माप दोन तज्ज्ञांनी घेतले तर त्यांत काही मिलिमीटरांचा फरक पडू शकतो. याचा अर्थ असा की, गर्भ वाढत असतानाही तो मृत ठरवून गर्भाशय रिकामे करण्याचा सल्ला दिला जाण्याचा संभव होता. अशी चूक पुन्हा दुरुस्त करता येत नाही.

या संशोधनानंतर ब्रिटनमध्ये, व अमेरिकेतील तज्ज्ञांच्या परिषदेनंतर २०१३ मध्ये तेथेही, मर्यादा वाढविण्यात आल्या. आता भ्रूणाशिवाय कोशाचा व्यास २५ मि.मी. किंवा त्याहून अधिक, अथवा स्पंदनाशिवाय भ्रूणाची लांबी ७ मि.मी. किंवा त्याहून अधिक असेल, तरच गर्भ निश्चित मृत मानावयाचा. माप याहून कमी भरल्यास साधारणतः आठवडा-दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावयाची. दुसरी तपासणी अन्य केंद्रात होणार असेल, तर आधीचा अहवाल बरोबर नेणे अत्यावश्यक आहे. एकट्या मापापेक्षा दोन मापांमधील वाढ अधिक बोलकी असते.

तथापि प्रतीक्षेचा हा नियम सरसकट लागू करणे धोक्याचे आहे. शेकडा एक ते दोन गर्भ गर्भाशयाबाहेर, बहुधा अंडवाहिनीत रुजतात. ती फुटल्यास पोटात रक्तस्राव होऊन स्त्रीच्या जिवावर बेतते. गर्भचाचणी होकारार्थी असून गर्भाशयात कोश दिसत नसेल, तर रक्तातील संप्रेरकाचे माप एक-दोन दिवसांच्या अंतराने पाहावे लागते. पोटात तीव्र वेदना, भोवळ किंवा खांद्यात दुखणे ही लक्षणे दिसल्यास क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठले पाहिजे.

या यंत्राची दुसरी बाजू महाराष्ट्राला चांगलीच परिचित आहे. प्रसूतिपूर्व निदानतंत्राच्या वापराचे नियमन करणारा देशातील पहिला कायदा याच राज्यात १९८८ साली झाला. केंद्राचा १९९४ चा कायदा १९९६ पासून अंमलात आला. तरीही शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची राज्यातील संख्या १९९१ मधील ९४६ वरून २००१ मध्ये ९१३ वर उतरली. कायद्याची अंमलबजावणी होत नाही म्हणून सांताक्रुझ येथील ‘सेहत’, पुण्याची ‘मासूम’ व साबू जॉर्ज यांनी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि सुधारित कायदा २००३ मध्ये लागू झाला. गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीच्या वेळी ‘एफ’ नमुना भरावा लागतो, तो याच कायद्यान्वये. वस्तुतः सहाव्या-सातव्या आठवड्यात गर्भाची बाह्य जननेंद्रिये वेगळी ओळखताच येत नाहीत. तरीही नोंद करणे बंधनकारक आहे.

यंत्र केवळ प्रतिध्वनी दाखविते. त्याचा अर्थ लावण्याची जबाबदारी माणसाची असते. ‘अद्याप निश्चित सांगता येत नाही, दहा दिवसांनी पुन्हा या’ असे तज्ज्ञाने म्हटले, तर ते त्याचे अज्ञान समजू नये. हजारावर स्त्रियांच्या निरीक्षणातून सिद्ध झालेली ती सावधगिरी आहे.