गोष्टीत पाऊस का पडत नाही?

(आपण वाचतो त्या अनेक गोष्टींत ऋतू बदलत नाहीत. असे का होते आणि ऋतू विसरल्यामुळे गोष्टीचे काय नुकसान होते, हे लेखकाने या पाठात परिचयाची उदाहरणे देऊन समजावून सांगितले आहे.)

जुलै महिना होता. बाहेर पाऊस कोसळत होता. वर्गाच्या खिडक्या बंद होत्या, तरी खिडकीजवळच्या बाकांवर तुषार येत होते. नववीच्या मुलांना मी फळ्यावर एक ओळ लिहून दिली, “एक गरीब मच्छीमार होता.” येथून पुढे त्यांनी गोष्ट पूर्ण करायची होती.

घरी जाऊन मी वह्या तपासायला बसलो. वह्या दमट झाल्या होत्या. काहींची शाई पसरली होती. एकूण अडतीस गोष्टी होत्या. कोणाच्या मच्छीमाराला सोन्याचा मासा मिळाला होता, कोणाला मोती, तर कोणाला जिन्न. पण एकाही गोष्टीत पाऊस नव्हता. ऊन नव्हते, थंडी नव्हती. प्रत्येक मच्छीमार रोज सकाळी समुद्रावर जात होता आणि आकाश नेहमी निळे होते.

मला नवल वाटले. आमचे गाव कोकणात खाडीच्या काठी आहे. माझ्या वर्गातील निम्म्या मुलांच्या घरी मासेमारी चालते. जून-जुलैत समुद्र खवळलेला असतो. तो माशांच्या विणीचा काळही असतो. म्हणून या दिवसांत मासेमारीला बंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारतात. पावसाळ्याची बेगमी, जिला आमच्याकडे आगोट म्हणतात, ती आधीच भरून ठेवावी लागते. ती संपली की उधारी सुरू होते. हे सारे मुलांना पाठ आहे. मग ते त्यांच्या गोष्टीत का आले नाही?

दुसऱ्या दिवशी मी हाच प्रश्न वर्गात विचारला. कोणी बोलेना. एका मुलीच्या वहीत दोन ओळी खोडलेल्या होत्या. रेघांखालची अक्षरे वाचता येत होती, “पावसात त्याची होडी बंद होती. घराचे छप्पर गळत होते.”

मी विचारले, “हे का खोडलेस?”

ती हळूच म्हणाली, “सर, गोष्टीत असं नसतं ना!”

तिचे उत्तर मी विसरू शकलो नाही. तिने वाचलेल्या गोष्टींत खरोखरच असे नव्हते. आपण ‘अलिफ लैला’मधील मच्छीमाराची गोष्ट आठवू या. त्याला बायको आणि तीन मुले आहेत. तो दिवसातून चारच वेळा जाळे टाकतो. चौथ्या वेळी जाळ्यात पितळेचा घडा येतो आणि त्यातून जिन्न निघतो. जाळे किती वेळा टाकले, हे गोष्ट मोजून सांगते. पण ऋतू कोणता, हे सांगत नाही.

प्रथम आपण ऋतू कसे होतात ते पाहू. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. त्यामुळे सूर्याभोवती फिरताना पृथ्वीचा कधी उत्तर भाग तर कधी दक्षिण भाग सूर्याकडे झुकतो. दिवस लहान-मोठे होतात, ऊन कमी-जास्त होते. उन्हाळ्यात आपली जमीन समुद्रापेक्षा अधिक तापते, वारे समुद्राकडून वाहू लागतात आणि पाऊस आणतात. पेरणी, कापणी, मासेमारी, उधारी, लग्ने ही सारी या चाकाबरोबर फिरतात. गोष्टीतले चाक मात्र पुष्कळदा थांबलेले असते. याची तीन कारणे दिसतात.

पहिले कारण म्हणजे माणसाची इच्छा. ग्रीक कवी होमर याच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यात एका राजाच्या बागेचे वर्णन आहे. तेथील झाडांना हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात, बाराही महिने फळे येतात. एक फळ पिकते, तोवर दुसरे धरलेले असते. असे वर्णन कोणाला सुचते? ज्याने धान्याची रिकामी कोठी पाहिली आहे त्यालाच. आपल्या दास्तानांतील परीच्या बागेतही बहुधा बहारच असते. अशा बागेत पानगळ नाही, म्हणून टंचाई नाही. ही कल्पना खोटी असली तरी तिच्यामागची भूक खरी आहे.

दुसरे कारण म्हणजे सोय. चित्रपटातील प्रसंग पडद्यावर ज्या क्रमाने दिसतात, त्या क्रमानेच त्यांचे चित्रीकरण होते असे नाही. एका प्रसंगात पाऊस दाखवला, की पुढच्या प्रसंगात ओली जमीन आणि भिजलेले कपडे दाखवावे लागतात. त्यापेक्षा बंद खोलीत दिवे लावून काम करणे सोपे. परग्रहांच्या गोष्टींत तर ही सोय फारच वाढते. १९७७ साली आलेल्या ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटाचा सुरुवातीचा बराचसा भाग एका वाळवंटी ग्रहावर घडतो. १९८० मधील पुढच्या चित्रपटात बर्फाचा ग्रह आहे. एक ग्रह, एक हवा! आपल्या एकाच पृथ्वीवर सहारा आहे, ग्रीनलंड आहे आणि कोकणही आहे. खऱ्या मंगळाचा आससुद्धा सुमारे पंचवीस अंशांनी कललेला आहे. तेथेही ऋतू होतात आणि ध्रुवांवरच्या बर्फाच्या टोप्या लहान-मोठ्या होतात. जेथे माणूस राहत नाही त्या मंगळावर ऋतू आहेत, आणि माणसांच्या गोष्टीत नाहीत!

तिसरे कारण म्हणजे उसनवारी. उर्दू गझलेत बहार आणि खिजां हे दोन ऋतू पुन्हा पुन्हा येतात. ते आपल्याकडे फारसी कवितेबरोबर आले. इराणात थंडी सरली की वसंत येतो आणि शरदात पाने झडतात. तेथे ते दोन ऋतू डोळ्यांना दिसतात. आपल्याकडे वर्षाचा सर्वांत मोठा बदल पावसाने होतो. बहार-खिजांची कविता सुंदर आहे, यात शंका नाही. पण तीच एक कविता आहे असे समजलो, तर आपल्या अंगणातला पाऊस आपल्यालाच परका वाटू लागतो. आग्र्याचे कवी नजीर अकबराबादी यांना तो परका वाटला नाही. त्यांनी पावसाळ्यावर उर्दूत कविता लिहिल्या. त्यांच्याही आधी, सतराव्या शतकात, अफजल यांनी ‘बिकट कहानी’ हा बारामासा रचला. बारामासा म्हणजे बारा महिन्यांतील विरहाचे एकेक करून वर्णन करणारे काव्य. म्हणजे ऋतूंची वाट आपल्या भाषेतही जुनीच आहे.

कधी कधी लेखक ऋतूचे चाक मुद्दाम थांबवतो. ऑस्कर वाइल्ड यांची १८८८ साली प्रसिद्ध झालेली स्वार्थी राक्षसाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. राक्षस आपल्या बागेभोवती भिंत बांधतो आणि मुलांना येऊ देत नाही. मग साऱ्या मुलखात वसंत येतो. पण त्याच्या बागेत हिवाळाच राहतो. मुले भिंतीतल्या भोकातून आत शिरतात, तेव्हा झाडे फुलतात. येथे ऋतू न बदलणे हीच शिक्षा आहे. लेखक ऋतू विसरलेला नाही.

आता ऋतू आला की गोष्टीत काय बदलते ते पाहू. डॅनियल डिफो यांची ‘रॉबिन्सन क्रूसो’ ही कादंबरी १७१९ साली प्रसिद्ध झाली. निर्जन बेटावर एकटा राहणारा क्रूसो जवळचे बरेचसे धान्य पेरतो. पण पुढचे महिने कोरडे जातात आणि एकही दाणा वेळेवर उगवत नाही. नशिबाने त्याने मूठभर बी राखून ठेवलेले असते. मग तो बेटावरचे ओले आणि कोरडे महिने नोंदवून ठेवतो. तेथे वर्षातून दोनदा पेरणी करता येते, हे त्याला कळते. राक्षस नाही, तिलिस्म नाही. तरी ‘हे बी उगवेल का?’ या एका प्रश्नासाठी आपण पान उलटतो.

मुन्शी प्रेमचंद यांची ‘पूस की रात’ ही १९३० सालची कथा पाहा. हल्कूने कांबळे घेण्यासाठी तीन रुपये साठवलेले असतात. ते कर्जात जातात. पौषाच्या कडक थंडीत तो कुत्र्यासह शेत राखायला बसतो. नीलगाई पीक खात आहेत हे कळूनही थंडीने त्याच्याने उठवत नाही. या कथेतून थंडी काढून टाका; मग काय उरते? हल्कू केवळ आळशी माणूस ठरतो. थंडी आहे म्हणूनच त्याची गरिबी आपल्याला समजते.

मराठीत व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ ही १९५५ सालची कादंबरी आहे. एक तरुण शिक्षक धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला येतो. हळूहळू मुले शाळेत येऊ लागतात. गावकरी मिळून तालीम बांधतात. पुढे पाऊस पडत नाही. चारा-पाणी संपते. लोक मेंढरे घेऊन निघून जातात आणि वाडी रिकामी होते. शिक्षकाचे काही चुकले नव्हते. पण एका मोसमाने त्याचे सारे काम पुसून टाकले.

या तीनही पुस्तकांत ऋतू नुसता शोभेसाठी आलेला नाही. जो राबून पोट भरतो, त्याचे सुखदुःख ऋतूशी बांधलेले असते. म्हणून गोष्टीतून ऋतू गेला, की त्याच्याबरोबर शेतकरी, मच्छीमार आणि मेंढपाळही जातात. त्यांची नावे राहतात, पण त्यांचे जीवन राहत नाही.

आपल्यासाठी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मराठी पंचांगात सुमारे तीन वर्षांनी एक अधिक महिना धरतात. त्यामुळे दिवाळी दरवर्षी पावसाळा संपल्यावरच येते. हिजरी वर्ष मात्र शुद्ध चांद्र आहे. ते सुमारे ३५४ दिवसांचे असते, म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येते आणि सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येते. २००० साली ईद-उल-फित्र जानेवारीत आली आणि पुन्हा डिसेंबरातही आली. २०१८ साली ती जूनच्या मध्यावर होती. मुंबईत डिसेंबरातला दिवस सुमारे अकरा तासांचा असतो, तर जूनमधला तेरा तासांहून मोठा. म्हणजे रोजाही तेवढा लांबतो. म्हणून “ईदचा दिवस होता” एवढे लिहून भागत नाही. सकाळी थंडीने अंग काकडत होते, की नवे कपडे सांभाळत छत्रीतून नमाजला जावे लागले, हे लिहिणाऱ्यानेच सांगितले पाहिजे. तुमच्या आजोबांची आणि तुमची ईद एकच. पण तिच्या आठवणी वेगवेगळ्या ऋतूंतल्या असतात.

त्या मुलीला मी एवढेच म्हणालो, “त्या दोन ओळी परत लिही आणि पुढे काय झाले ते सांग.” दोन दिवसांनी तिने वही आणून दिली. तिच्या गोष्टीत आता सोन्याचा मासा नव्हता. मच्छीमार गळत्या छपराखाली, कोरडी जागा शोधून, फाटके जाळे दुरुस्त करत बसला होता. त्याचा लहान मुलगा रोज विचारत होता, “अब्बा, समुद्र कधी उघडणार?” मी ती गोष्ट वर्गात वाचून दाखवली. वाचून झाल्यावर बराच वेळ कोणी काही बोलले नाही. अनेकांच्या घरी त्या दिवसांत हाच प्रश्न विचारला जात होता.

मुलांनो, परीची बाग अवश्य वाचा. तिच्यात मन रमवा. पण स्वतः गोष्ट लिहायला बसाल तेव्हा आधी एकदा खिडकीबाहेर पाहा. तेथे जे ऊन, जो पाऊस किंवा जी थंडी असेल, ती खोडू नका.

शब्दार्थ

तुषार – पाण्याचे बारीक थेंब
वीण – पिल्लांना जन्म देणे
झाप – नारळीच्या झावळ्यांचे विणलेले आच्छादन
शाकारणे – वर आच्छादन घालणे
बेगमी – पुढच्या काळासाठी केलेला साठा
आस – पृथ्वी जिच्याभोवती फिरते ती कल्पित रेषा
टंचाई – कमतरता
उसनवारी – दुसऱ्याकडून तात्पुरते घेणे
तालीम – व्यायामशाळा, आखाडा

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुलीने वहीतील कोणत्या दोन ओळी खोडल्या होत्या?
(आ) बारामासा म्हणजे काय?
(इ) क्रूसोचे पहिले बी वेळेवर का उगवले नाही?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) गोष्टींत ऋतू न बदलण्याची तीन कारणे कोणती?
(आ) ईद सर्व ऋतूंतून का फिरते?

प्र. ३. “गोष्टीतून ऋतू गेला, की त्याच्याबरोबर शेतकरी, मच्छीमार आणि मेंढपाळही जातात.” या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

उपक्रम : घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या लहानपणीची ईद कोणत्या ऋतूत होती ते विचारा आणि त्यावर दहा ओळी लिहा.