श्वासाचे यंत्र हृदयाला काय करते?



उमरी परिसरातून किंवा किनवट-माहूरच्या गोंड, कोलाम आणि आंध वस्त्यांतून दम लागलेला रुग्ण नांदेडला नेला की नाकातोंडावर घट्ट मास्क लावून यंत्र सुरू करतात. ते पाहून घरचे हबकतात. “मशीन लावलं म्हणजे माणूस हातचा गेला,” असे म्हणून कोणी मास्क काढू पाहतो, तर कोणी रुग्णाला घरी न्यायला निघतो. म्हणून हे यंत्र समजून घेऊ या.

हे घशात नळी घालायचे व्हेंटिलेटर नव्हे. रुग्ण स्वतःच श्वास घेतो. यंत्र मास्कमधून दाबाची हवा देऊन त्याला हातभार लावते. सीपॅपमध्ये दाब सतत सारखा असतो. बायपॅपमध्ये तो श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी असतो.

देवाने माणसाला श्वास दिला तो हवा आत ओढून घेण्याचा. पिचकारीचा दट्ट्या मागे घेतला की पाणी आत येते, तशी छाती फुलली की हवा आत येते. त्याच ओढीने अंगातले रक्तही हृदयाकडे येते. यंत्र मात्र हवा आत ढकलते. छातीतला दाब वाढतो आणि हृदयाकडे परतणारे रक्त थोडे कमी होते. आंद्रे कुर्नां या डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1948 मध्ये हे मोजून दाखवले. याच कुर्नांना पुढे 1956 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हाच परिणाम एकाला तारतो, तर दुसऱ्याला जड जातो.

हृदय थकले की रक्त मागे तुंबते आणि फुप्फुसांत पाणी साचते. अशा वेळी येणारे रक्त थोडे कमी झाले तर हृदयाचा भार हलका होतो. छातीतल्या वाढलेल्या दाबामुळे डाव्या बाजूला रक्त पुढे ढकलणेही सोपे जाते. मिटलेले वायुकोश उघडतात आणि धापा टाकून थकलेल्या स्नायूंना विसावा मिळतो. लंडनचे डॉ. पोल्टन यांनी 1936 मध्येच अशा रुग्णांना मास्कमधून दाबाची हवा दिली होती.

वर्षानुवर्षे चुलीचा धूर आणि विडी यांनी फुप्फुसे खराब झालेल्यांनाही याचा उपयोग होतो. त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, ऑक्सिजन कमी पडतो, फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. बायपॅपमुळे साचलेला वायू बाहेर पडतो आणि अनेकांची घशातली नळी टळते.

पण जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी गेले असेल, बाळंतपणात किंवा अपघातात रक्त गेले असेल, तर हृदयाकडे आधीच रक्त कमी येत असते. त्यात दाब दिला तर बीपी एकदम खाली येऊ शकते. म्हणून डॉक्टर दाब बेताने वाढवतात, गरजेप्रमाणे सलाईन देतात आणि बीपी पुन्हा पुन्हा पाहतात. रुग्ण बेशुद्ध असेल किंवा सारखा ओकत असेल, तर बहुधा हा मास्क लावत नाहीत.

रुग्णासोबत जाणाऱ्याने एवढे करावे:

• जुलाब, उलट्या, रक्तस्राव, जुना हृदयविकार आणि चालू गोळ्या यांची माहिती आधीच द्यावी. गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत.
• मास्क स्वतः काढू नये. विचारल्याशिवाय पाणी किंवा घास भरवू नये; तो श्वासनलिकेत जाऊ शकतो.
• हातपाय गार पडले, लघवी कमी झाली, चक्कर आली, रुग्ण बरळू लागला किंवा ओकारी आली, तर लगेच सिस्टरना बोलवावे.
• रुग्णाचा हात धरून बसावे आणि त्याच्याशी त्याच्या बोलीत बोलावे. गोंडी किंवा कोलामी बोलणाऱ्या आजीला मराठी सूचना कळत नाहीत. घाबरून ती मास्क ओढते.

हे शेवटचे काम मंडळीतील कोणीही करू शकेल. त्या भाषा जाणणाऱ्या तरुणांनी पुढे यावे. धुरात स्वयंपाक करणाऱ्या आपल्या भगिनींसाठी आणि रात्रपाळीच्या डॉक्टर-परिचारिकांसाठी प्रार्थना करीत राहावे, ही विनंती.