अभिनयाची पदवी आणि शिष्यवृत्तीचे गणित

आपल्या महाविद्यालयाच्या एकांकिकेत काम करणाऱ्यांपैकी दोघा-तिघांना दरवर्षी वाटू लागते की, पुढे नाटकच शिकावे. तसे ते मलाही वाटते. घरी हा विषय काढला की पहिला प्रश्न येतो, "शिष्यवृत्ती मिळते का?" प्रश्न रास्त आहे. आमची जमीन तीन एकर, तीही कोरडवाहू. धाकटी बहीण बारावीत आहे आणि तिला परिचारिकेचे शिक्षण घ्यायचे आहे. माझ्यावर खर्च होणारा प्रत्येक रुपया तिच्या वाट्यातून जाणार, हे आई-दादा बोलून दाखवत नाहीत इतकेच. म्हणून गेले वर्षभर मी निरनिराळ्या संस्थांची माहितीपत्रके जमवून वाचली. त्यातून जे हाती लागले ते सांगतो.

पहिली गोष्ट ही की शिष्यवृत्ती किती मिळते यापेक्षा ती मिळाल्यावर खिशातून किती जाते, हे पाहावे. समजा एखाद्या खासगी अकादमीची वार्षिक फी ३ लाख ६० हजार रुपये आहे आणि ती 'गुणवत्तेवर पन्नास टक्के शिष्यवृत्ती' देऊ करते. ऐकायला झकास वाटते! पण दोन वर्षांची फी तरीही ३ लाख ६० हजारच उरते. खोली आणि खाणावळ महिना दहा हजार धरली तर आणखी २ लाख ४० हजार. एकूण सहा लाख. उलट समजा एखाद्या विद्यापीठाच्या विभागात फी वर्षाला पंचवीस हजार आहे आणि शिष्यवृत्ती एक पैशाचीही नाही. राहण्याजेवण्याचा खर्च तोच धरला तरी दोन वर्षांचे होतात २ लाख ९० हजार. म्हणजे जिथे काहीच 'मिळत' नाही तिथला खर्च निम्म्याहून कमी! फीतली सवलत ही पुष्कळदा दुकानातल्या सेलसारखी असते. आधी किंमत किती लावली होती ते विचारावे.

हाती रोख पैसे देणारी संस्था म्हणजे दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय. १९५९ साली संगीत नाटक अकादमीने ते स्थापन केले आणि १९७५ मध्ये ते स्वायत्त झाले. इब्राहिम अल्काझी १९६२ ते १९७७ या काळात तिथे संचालक होते आणि आजही त्या शिक्षणावर त्यांच्या शिस्तीची छाया आहे असे म्हणतात. सई परांजपे, रोहिणी हट्टंगडी, अतुल कुलकर्णी ही आपली माणसे तिथूनच शिकून आली. अभ्यासक्रम तीन वर्षांचा, पूर्ण वेळ. निवड झालेल्या विद्यार्थ्याला दरमहा विद्यावेतन मिळते. त्याचा आकडा वेळोवेळी बदलतो, तेव्हा त्या वर्षीचे माहितीपत्रक पाहावे. मात्र जागा साऱ्या देशातून तीसेकच. प्राथमिक चाचणी काही शहरांत होते, मग दिल्लीला काही दिवसांची कार्यशाळा आणि त्यानंतर निवड. कोणत्याही विषयाची पदवी चालते, पण किमान सहा नाट्यप्रयोगांत भाग घेतल्याचा पुरावा लागतो. त्यामुळे आपल्या एकांकिकांच्या पत्रिका आणि प्रमाणपत्रे रद्दीत घालू नका.

दिल्लीबाबत आणखी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. तिथले काम मुख्यतः हिंदीत चालते. बंबैया हिंदीवर वाढलेल्या आपल्या जिभेला ते जड जाते. उच्चारावर वर्षभर घासाघीस करावी लागते. शिवाय मिळते ती पदविका, पदवी नव्हे. पण भारतीय विद्यापीठ संघाने अध्यापक म्हणून नेमणुकीसाठी ती एम.ए.च्या तोडीची मानली आहे. अभिनयाने पोट भरले नाही तर महाविद्यालयात शिकवता येईल, हा आधार लहान नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 'नेट' परीक्षेतही नाटक हा विषय आहे. खासगी प्रमाणपत्राला ही दारे उघडी नसतात. माझ्या मते शिष्यवृत्तीहून हा मुद्दा मोठा आहे, आणि घरच्यांना तो लगेच पटतो.

जवळ राहायचे असेल तर पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आहे. ते १९८७ साली सुरू झाले आणि १९९६ ते २००९ या काळात सतीश आळेकर त्याचे प्रमुख होते. नाटकाबरोबर संगीत आणि नृत्यही एकाच आवारात शिकवले जाते, आणि शिक्षण मराठीच्या मुलखात होते. संध्याकाळी बाहेर तालमी, प्रयोग पाहायला मिळतात, हा पुण्याचा न छापलेला अभ्यासक्रम! मुंबई विद्यापीठाची नाट्यकला अकादमी २००३ पासून आहे. लखनौची भारतेंदु नाट्य अकादमी १९७५ ची, तर भोपाळचे मध्य प्रदेश नाट्य विद्यालय २०११ चे.

विद्यापीठात प्रवेश घेणाऱ्या मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. मात्र संस्था आणि अभ्यासक्रम दोन्ही मान्यताप्राप्त असावे लागतात. हे प्रवेशापूर्वी विचारायचे, नंतर नव्हे. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठीही एक योजना आहे. वय १८ ते २५, दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षे. म्हणजे एकूण १ लाख २० हजार. ही रक्कम सहा-सहा महिन्यांच्या हप्त्यांनी मिळते, पण खाणावळवाला सहा महिने थांबत नाही. शिवाय आधी गुरूकडे किंवा संस्थेत काही वर्षे शिकल्याचे दाखवावे लागते. तेव्हा पहिल्या सहामाहीची तजवीज स्वतःच करावी.

परदेशाचे नाव निघतेच म्हणून एवढेच सांगतो. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या नाट्यशाळेला २०२१ साली डेव्हिड गेफेन यांच्याकडून १५ कोटी डॉलरची देणगी मिळाली आणि तिथली फी सर्वच विद्यार्थ्यांना माफ झाली. जगात औदार्य आहे! पण फी माफ झाली म्हणून न्यू हेवनमधले घरभाडे माफ होत नाही, आणि व्हिसासाठी खर्चाची सोय कागदोपत्री दाखवावीच लागते.

माझे ठरले आहे ते असे: दिल्ली आणि पुणे, दोन्हीकडे अर्ज. दिल्लीत निवड झाली तर विद्यावेतनात भागवायचे आणि घरून काही मागायचे नाही. पुण्यात झाली तर सकाळी वर्ग आणि रात्री कुठेतरी काम. मात्र तालमीच्या वेळा काय असतात, रात्रीच्या नोकरीला मुभा असते का, हे तिथल्या आजी विद्यार्थ्यांनाच विचारणार आहे. दोन्हीकडे नाही झाली तर एक वर्ष गावी राहून आणखी दोन नाटके करायची, कारण माझ्याजवळ आज चारच प्रयोगांचा पुरावा आहे. बहिणीच्या प्रवेशाची रक्कम दादांनी पोस्टात वेगळी ठेवली आहे. तिला हात लावायचा नाही, एवढे आम्हा चौघांत ठरले आहे.