विहिरीला टेप लावणारी पोरं



मागच्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या एका ज्येष्ठ सभासदांच्या विहिरीवर कॉलेजची पाच-सहा मुलंमुली आली. त्यांच्या निसर्ग मंडळाचे काम होते. हातात वही, टेप आणि मातीच्या पिशव्या. तात्यांनी विचारले, "माझ्या हिरीचं पाणी मोजून तुमच्या हाताला काय लागणार?"

"तात्या, जमिनीपासून पाणी किती खाली आहे, एवढंच बघायचंय."

टेप सोडला. पाणी ४ फुटांवर! भर मे महिन्यात! तात्यांनी मिशीवर हात फिरवला. "बघा, कधी आटायची न्हाई." आम्हीही कौतुकाने मान डोलावली. भरलेली विहीर म्हणजे लक्ष्मी, हेच आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण त्यातल्या एका मुलीने खालच्या अंगाला बोट दाखवून हळूच विचारले, "मग त्या तुकड्यात ऊस का नाही?"

तात्या गप्प झाले. त्या तुकड्यावर मिठासारखी पांढरी पुटं चढली आहेत. लागण केली तरी डोळे उगवत नाहीत, उगवले तर कोंब पिवळे पडतात. आम्ही सारे ते रोज पाहत होतो. पण विहिरीचे पाणी आणि तो पांढरा तुकडा यांचा संबंध आम्ही जोडला नव्हता. तो त्या पोरांनी जोडला. भूजलाची पातळी जमिनीपासून २ मीटरच्या आत आली, म्हणजे जमीन पाणथळ झाली असे जलसिंचन शास्त्र मानते. खालचे पाणी मातीतून वर चढते, उन्हाने उडून जाते आणि क्षार तेवढे मागे ठेवते. आपण ज्याला दौलत समजत होतो, ते दुखणे होते.

"पोरं शाळा शिकायची सोडून शिवारात कशाला हिंडतात?" असे काही मंडळी विचारतात, म्हणून हा लेखनप्रपंच. विद्यार्थ्यांच्या अशा मंडळांनी आपल्या देशात काय काम केले आहे, ते सभासदांना ठाऊक असावे.

दिल्लीची हकिकत घ्या. अरवली डोंगराचे उत्तरेकडील टोक दिल्ली शहरात शिरले आहे. त्याला तिथे रिज म्हणतात. त्यावरचे रान तुटू लागले, तेव्हा १९७९ साली शाळा-कॉलेजची मुले ते वाचवायला पुढे झाली. त्यातूनच 'कल्पवृक्ष' ही संस्था उभी राहिली. नुसत्या घोषणा देऊन ही मुले थांबली नाहीत. रानात फिरायचे, झाडे-पाखरे ओळखायची, इतरांना बरोबर न्यायचे, आणि पाहिले ते लिहून ठेवायचे, अशी त्यांची रीत. झाडांना मिठी मारून ती वाचवणारी चिपकोची माणसे पाहायला ती हिमालयात गढवालातही जाऊन आली.

त्या काळी नर्मदा खोऱ्याच्या मोठ्या योजनेची चर्चा जोरात होती. ३० मोठी, १३५ मध्यम आणि ३,००० लहान धरणे, असा तो पसारा. पाणीवाटपाच्या लवादाचा निवाडा डिसेंबर १९७९ मध्ये झाला होता. धरणे म्हणजे भरभराट, याबद्दल फारसे कुणाच्या मनात किंतु नव्हते. अशा वेळी १९८३ साली 'कल्पवृक्ष' आणि दिल्ली विद्यापीठाच्या हिंदू कॉलेजचा नेचर क्लब यांतील विद्यार्थी सुमारे ५० दिवस त्या खोऱ्यात हिंडले. कधी पायी, तर कधी मिळेल त्या वाहनाने. धरणात बुडणार होती ती गावे त्यांनी पाहिली, माणसांशी ती बोलली. परत येऊन त्यांनी अहवाल लिहिला. तो १९८४ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' या साप्ताहिकात छापून आला. त्याचे नावच एक प्रश्न होते : नर्मदा योजना, विकास की विध्वंस?

या मुलांकडे ना अधिकार होता, ना पैसा. पण त्यांचे प्रश्न साधे आणि अवघड होते. पाण्याखाली किती रान जाणार? उठणाऱ्या माणसांना जमीन कुठे देणार? ज्या काळ्या जमिनीत पाणी सोडणार, तिला ते पचणार का?

हा शेवटचा प्रश्न नीट ऐका, कारण तो आपल्या बांधावरचा आहे. नर्मदेची एक उपनदी तवा. तिच्यावरच्या धरणाचे कालवे १९७०च्या दशकात मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात (आता नर्मदापुरम) फिरले. जमीन खोल काळी, निचऱ्याची सोय नाही, कालव्यांचा पाझर सुरू. थोड्याच वर्षांत रानेच्या रानं चिबडली. शेवटी तिथल्या शेतकऱ्यांनी १९७७ साली 'मिट्टी बचाओ' अभियान सुरू केले. पाणी मिळावे म्हणून शेतकरी झगडतात हे आपण जाणतो. पाण्यापासून माती वाचवावी म्हणूनही त्यांना उठावे लागले, हे मात्र आपण ध्यानात घेतले नाही.

पुढे काय झाले? जबलपूरजवळचे बरगी धरण १९९० साली भरले, तेव्हा सरकारी हिशेबात १०१ गावे बुडणार होती, प्रत्यक्षात १६२ गावांना झळ बसली. सरदार सरोवराला जागतिक बँकेने १९८५ साली कर्ज मंजूर केले होते. पुनर्वसनावरून वादळ उठले आणि १९९३ साली ते कर्ज बंद झाले. धरण मात्र पुरे झाले आणि १७ सप्टेंबर २०१७ रोजी त्याचे लोकार्पण झाले. गुजरातच्या तहानलेल्या मुलखाला त्याचे पाणी पोचले, हेही खरेच. पण आपल्याच महाराष्ट्रातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे त्या पाण्याने बाधित झाली. त्यातल्या अनेकांना डोंगर सोडून तळोदे तालुक्याच्या सपाटीवर नव्याने चूल मांडावी लागली.

आपण बागायतदार. आपल्या उसाला मिळणाऱ्या पाटाच्या पाण्याच्या प्रत्येक पाळीमागे वरच्या अंगाला कुणाचे तरी गाव उठलेले असते. म्हणून ऊस लावू नये, असे आम्ही म्हणत नाही. पण एवढी किंमत देऊन आलेले पाणी आपण गरज नसताना रात्रभर सरीत सोडून द्यावे आणि त्याने आपलीच जमीन खारवावी, याला काय म्हणावे? दुसऱ्याचे घर बुडवून आलेल्या पाण्यात आपण आपले शेत बुडवीत आहोत.

आता करायचे काय? त्या मुलांनी तात्यांना सांगितले तेच येथे देत आहोत. दोर घ्या, हातहातभर अंतरावर गाठी मारा. दर महिन्याच्या ठरल्या तारखेला, मोटर सुरू करण्यापूर्वी विहिरीतले पाणी जमिनीपासून किती खाली आहे ते मोजा आणि लिहून ठेवा. घरातल्या शिकत्या पोराला वा पोरीला हे काम द्या. शेतातल्या आठ-दहा जागांची माती मिसळून अर्धा किलो नमुना काढा. पांढऱ्या तुकड्याचा नमुना वेगळा ठेवा. माती तपासून सामू आणि क्षारता कळल्याशिवाय जिप्सम टाकायची घाई करू नका. आधी निचरा, मग औषध. आणि जमेल तिथे ठिबक करा.

निचऱ्याची गोष्ट मात्र एकट्यादुकट्याची नाही. तात्यांनी चर काढायचा म्हटला, तर त्याचे पाणी ओढ्याला पोचण्याआधी खालच्या दोन शेतांतून जायला हवे. त्यातल्या एका शेजाऱ्याने होकार दिला. दुसऱ्याशी बांधावरून जुनी अढी आहे, तो अजून मान हलवायला तयार नाही. तात्या परवा गट ऑफिसात म्हणाले, "हिरीचं पाणी मोजाय मला पोरांनी शिकवलं. पर त्येच्या दारात जायचं ते मला माझंच जायाला पायजे."

आम्ही त्यांच्याबरोबर जाणार आहोत. कारखाना आपण सगळ्यांनी मिळून उभा केला, मग एक चर मिळून काढता येऊ नये?

तेव्हा सभासदहो, उद्या वही घेऊन पोरं तुमच्या बांधावर आली, तर त्यांना हुसकावू नका. घोटभर चहा द्या आणि विचारतील ते खरे सांगा. पांढरा तुकडा लपवू नका. तोच त्यांना आधी दाखवा.