मुहूर्त लांबला, वीजबिल थांबत नाही
नंदनवनातील घर घेतले. चातुर्मासामुळे गृहप्रवेश मात्र दिवाळीनंतरवर गेला. बंद घरात एकही दिवा न लागता महावितरणचा स्थिर आकार दरमहा चढतच राहतो. त्याहून जड ठरते ती आधीच्या मालकाची थकबाकी. वारसाहक्काचा अपवाद वगळता नव्या मालकाकडून ती कमाल सहा महिन्यांपुरतीच वसूल करता येते, असे राज्य आयोगाची वीजपुरवठा संहिता सांगते. नियमांचा आधार असल्यास अशी वसुली वैध असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२३ रोजी स्पष्ट केले. विक्रेता समाजातलाच असला की शेवटची पावती मागणे संकोचाचे वाटते. तरीही ती मागावीच. ताब्याच्या दिवशी मीटरवरील आकडा दोघांच्या सहीने लिहून ठेवावा, तारीख पुढे गेल्यास पुन्हा लिहावा. नावबदलाचा अर्ज मुहूर्तासाठी अडवू नये.